जुन्या कपड्यांचे ट्रक थांबवा

महाराष्ट्रात महापूर आला की दोन-तीन दिवसांत शहरांच्या चौकांत मांडव पडतात, गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळांत गाठोडी जमू लागतात, महाविद्यालयांच्या व्हरांड्यांत खोकी रचली जातात आणि आठवडा उलटण्यापूर्वी दर्शनी भागावर कापडी फलक ताणून बांधलेले ट्रक पूरग्रस्त जिल्ह्यांकडे निघतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते कृष्णा-पंचगंगेच्या काठी सांगली-कोल्हापूरकडे गेले, जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणकडे गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने पात्र सोडून माढा, मोहोळ, करमाळा, परांडा या तालुक्यांत धुमाकूळ घातल्यावर सोलापूर-धाराशिवकडे गेले. ट्रक पाठवणाऱ्यांच्या कळवळ्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रस्तुत पत्रकाचा आक्षेप त्या कळवळ्यापोटी होणाऱ्या निवडीवर आहे, कारण आपद्ग्रस्ताचे काय बुडाले याची चौकशी न करता, दात्याच्या घरात काय शिल्लक आहे एवढे पाहून ही निवड होते आणि परिणामी मालाचा मोठा भाग जिथे उतरतो तिथेच पडून राहतो.

यात सर्वांत मोठा भरणा जुन्या कपड्यांचा असतो. पाणी ओसरलेल्या गावात प्रत्येकाला कोरडा कपडा लागतो हे खरे, परंतु तो मापाचा, धड आणि त्या गावातल्या माणसाच्या नेसण्यातला असावा लागतो. गाठोड्यांतून मात्र रंग उडालेले शर्ट, चेन तुटलेल्या विजारी आणि लग्नात एकदाच मिरवलेले भरजरी घागरे निघतात. शेतावर राबणाऱ्या बाईला जे नेमके हवे असते, म्हणजे परकर, आतले कपडे, पाळीसाठी पॅड किंवा सुती कापड, ते क्वचितच निघते, कारण या वस्तू कोणाच्या कपाटात शिल्लक नसतात आणि मांडवातल्या ध्वनिक्षेपकावरून त्या मागण्याचा संकोच अजून सुटलेला नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे कपडे ढिगाढिगाने रस्त्याकडेला पडून राहिले आणि पुढे ‘गूंज’ या दिल्लीच्या संस्थेला ते उचलून, निवडून, त्यातून वापरण्याजोग्या वस्तू करण्याचे काम हाती घ्यावे लागले. वापरलेला कपडा निवडणे, धुणे, दुरुस्त करणे, मापानुसार लावणे हे बारमाही चालणारे आणि बरेच मनुष्यबळ खाणारे काम आहे. ज्याला जुने कपडे द्यायचेच आहेत त्याने ते अशा संस्थांना वर्षातल्या कोणत्याही दिवशी द्यावेत, फक्त पुराच्या आठवड्यात देऊ नयेत.

यातली एक विसंगती तर डोळ्यांत भरावी अशी आहे. २०१९ मध्ये जुने कपडे ज्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरले, त्याच जिल्ह्यात इचलकरंजी आहे, जिथल्या यंत्रमागांवर देशभर विकले जाणारे कापड विणले जाते. आणि २०२५ मध्ये वापरलेली अंथरुणे-पांघरुणे ज्या सोलापुरात जाऊन पडली, त्या सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे एखाद्या मालाचे नाव त्याच्या प्रदेशाशी कायद्याने जोडणारी नोंद तिच्या नावावर आहे. सोलापूरला चादरी पाठवणाऱ्या ट्रकच्या भाड्यात आणि डिझेलमध्ये सोलापुरातूनच किती नव्या चादरी आल्या असत्या, याचा हिशेब मांडण्याची तसदी कोणी घेत नाही. पूरग्रस्त भागातला दुकानदारही पूरग्रस्तच असतो, त्याचाही माल भिजलेला असतो आणि गिऱ्हाईक हेच त्याचे पुनर्वसन असते. फुकटच्या मालाचा पूर त्याच्या दारावरून गेला की त्याचे उरलेसुरले गिऱ्हाईकही वाहून जाते.

ज्याला अनाहूत साहित्य म्हणता येईल, म्हणजे आपद्ग्रस्तांनी किंवा प्रशासनाने न मागता परस्पर येऊन पडणारा माल, त्याची खरी किंमत तो उतरवून घेणाऱ्यांना मोजावी लागते. पूर ओसरताच गावात पंचनामे सुरू होतात. पंचनामा म्हणजे पीक, घर, जनावरे यांच्या हानीची जागेवर जाऊन केलेली अधिकृत नोंद, आणि सरकारी भरपाई तिच्यावरच अवलंबून असते. हे काम तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी करायचे असते. रात्री-अपरात्री येणारे ट्रक उतरवून घेणे, शाळेच्या खोल्या गोदामासाठी मोकळ्या करणे, आलेला माल मोजणे आणि वाटपाच्या वेळची भांडणे सोडवणे ही कामेही बहुतेक त्याच माणसांच्या गळ्यात पडतात. ज्या शाळेत कपड्यांचा ढीग लागतो तिथले वर्ग भरत नाहीत, आणि हमरस्त्यालगतच्या गावात चार ट्रक रिकामे होत असताना आतल्या वस्तीवर एकही पोचत नाही, कारण शहरातून आलेला चालक जिथवर रस्ता धड आहे तिथवरच जातो.

कपड्यांनी निदान कोणी आजारी पडत नाही. औषधे आणि दुधाची भुकटी यांची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात जगभरातून किमान ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य आले, आणि नेमके काय आले आहे हे नीट कळायलाच ५० माणसांना सहा महिने राबावे लागले. त्यातली काही औषधे पोचतानाच मुदतबाह्य होती आणि पुष्कळशी ओळखणेही अवघड होते. अशा अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ज्यांचा गाभा असा की मागणीशिवाय औषध पाठवू नये आणि पोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. घरातल्या उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या गोळा करणारी मोहीम या दोन्ही कसोट्यांवर पहिल्याच पायरीला घसरते. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीबाबत तर भारतात कायदाच आहे: स्तनपानाला संरक्षण देण्यासाठी संसदेने १९९२ मध्ये केलेल्या कायद्याने, अनाथालयांचा अपवाद सोडला तर, अर्भकांच्या दुधाचे पर्यायी पदार्थ आणि दूधबाटल्या दान करण्यास किंवा वाटण्यास मनाई आहे. यामागचे कारण सरळ आहे. पुरानंतर पाणी दूषित असते, बाटली उकळायला इंधन नसते आणि फुकटच्या डब्यामुळे आईचे दूध तुटले की डबा संपल्यावर मुलाला काहीच उरत नाही. तरीही मदतीच्या आवाहनांत ‘लहान मुलांसाठी दूध पावडर’ ही ओळ बिनदिक्कत छापली जाते.

वस्तू कधीच देऊ नयेत असा याचा अर्थ नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा बाजार बंद असतो, चूल पेटत नाही आणि माणसे शाळेत किंवा मंगल कार्यालयात बसलेली असतात, तेव्हा शेजारच्या कोरड्या गावांतून येणाऱ्या भाकरी, चटणी आणि पिण्याचे पाणी यांना तोड नसते. भाकरी टिकते, ओळखीची असते आणि ती थापणारे हात दहा-वीस किलोमीटरवर असतात. हेच शिजवलेले अन्न पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर नेले तर वाटेतच विटते, आणि २०१९ मध्ये पुणे-बंगळुरू महामार्गच कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता हेही विसरता येत नाही. पाणी उतरल्यानंतर जे हवे असते त्याची यादी रुक्ष असते आणि छायाचित्रात शोभत नाही: फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ताडपत्री, विरंजक चूर्ण, घरातला आणि विहिरीतला गाळमिश्रित पाण्याचा उपसा करायला पंप, वाचलेल्या जनावरांना चारा. यातल्या बहुतेक वस्तू जवळच्या तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि तिथूनच घ्याव्यात.

त्यासाठी पैसा लागतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे महाराष्ट्रासारख्या राज्यांत ७५ टक्के केंद्राच्या आणि २५ टक्के राज्याच्या वाट्यातून उभा राहणारा तातडीच्या मदतीचा निधी, ठरलेल्या निकषांनी वाटला जातो. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये, आणि घर वाहून गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० व भांड्यांसाठी २,५०० रुपये धरलेले होते. चांगली दुभती म्हैस ३७,५०० रुपयांत येत नाही हे बाजाराच्या दिवशी दावणीपाशी उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. खाजगी दानाची खरी जागा भरपाई आणि बाजारभाव यांच्यामधल्या अंतरात आहे. त्याहून मोठी जागा निकषांच्या बाहेर राहिलेल्यांची आहे: शेतीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने मिळते, त्यामुळे दुसऱ्याचे रान वाट्याने कसणारा बटाईदार, हंगामभराची मजुरी बुडालेली शेतमजूर बाई आणि भाड्याच्या गाळ्यातले शिलाईयंत्र गमावलेला शिंपी यांच्यापाशी हानी असते, कागद नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतयोजनेचा आकडा ३१,६२८ कोटींचा होता; एवढ्या मोठ्या रकमेपुढे लोकवर्गणीची मातब्बरी ती नेमकी कोणापर्यंत जाते यावरच ठरणार.

पैसा दिला तर मधल्यामधे खाल्ला जातो, वस्तू निदान दिसते, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे, निष्कर्षात नाही. वस्तूही गायब होतात, फक्त त्यांची नोंद कोणत्याही बँकेत राहत नाही. उलट खात्यातून खात्यात गेलेला रुपया मागे शोधता येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. दात्याने आधी ती पाहावी, मग पावती मागावी, आणि नंतर हिशेबही मागावा. आयकरातली दानावरची सवलतही रोख रकमेने २,००० रुपयांपर्यंतच आणि त्यापुढे फक्त बँकेमार्फत दिलेल्या पैशालाच मिळते, वस्तूंना मिळत नाही. वस्तू ‘दिसते’ या समाधानाचे दुसरे टोक २०१९ मध्ये सर्वांनी पाहिले, जेव्हा मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवल्याचा वाद पेटला. चिकटपट्टीवरचे नाव मोठे असावे म्हणून पिशवी मोठी असावी लागते, आणि बँकेच्या हस्तांतरणावर छायाचित्र लावता येत नाही. ट्रकांच्या लोकप्रियतेमागे हेही एक कारण आहे.

परदेशातल्या मराठी मंडळांनी खोकी पाठवण्याचा विचारही करू नये. भारतीय पारपत्र असलेल्याने नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याने मात्र परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावे, आणि प्रत्यक्ष गावात काम करणाऱ्या संस्थेलाच थेट द्यावे, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. दानाचा ओघ बातम्यांबरोबर चढतो आणि बातम्यांबरोबरच ओसरतो, गरज मात्र पुढच्या पेरणीपर्यंत आणि त्याहीपुढे चालते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाल्यावर आलेल्या कपड्या-धान्याची आज कोणाला आठवण नाही. पण भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जी जबाबदारी घेतली, ती पुढची अनेक वर्षे निभावावी लागली आणि ती निभावली गेली. सप्टेंबरात माती खरडून गेलेल्या शेताला बियाणे आणि खत जूनमध्ये लागते, आणि मुलांची वह्या-पुस्तके व शुल्क हेही जूनमध्येच लागते. त्या वेळी चौकात मांडव नसतो.

म्हणून प्रशासनाकडे मागणी अशी की आपत्तीनंतर पहिल्या चोवीस तासांत जिल्हाधिकाऱ्यांनी तालुकावार गरजांची आणि ‘पाठवू नये’ अशा वस्तूंची यादी जाहीर करावी, ती रोज सुधारावी, आणि यादीबाहेरचा माल जिल्ह्याच्या हद्दीवरच परत फिरवावा. गणेश मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि महाविद्यालये यांच्याकडे मागणी अशी की त्यांनी वस्तू गोळा करणे बंद करून केवळ बँकेमार्फत पैसा घ्यावा, जमलेल्या रकमेपैकी निम्मी पुढच्या जूनसाठी राखून ठेवावी, आणि कोणत्या गावात कोणत्या कामासाठी किती दिले याचा हिशेब ज्या चौकात आवाहनाचा फलक लावला त्याच चौकात लावावा. ज्या मंडळाला या अटी जाचक वाटतील त्याने वर्गणी मागू नये.