कावळा, कोंबडी आणि डायनासोर

डायनासोर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला तो अजस्र, खवल्याखवल्यांचा, दात विचकणारा प्राणी उभा राहतो. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि झाला ते बरेच झाले, अशी आपली एकंदर समजूत असते. पण तो सगळाच्या सगळा नाहीसा झाला नाही, त्याची एक शाखा वाचली आणि तीच आज कावळा होऊन आपल्या खिडकीत बसते, कोंबडी होऊन उकिरडा उकरते, असे कोणी म्हटले तर आपण त्याची थट्टाच करू. शास्त्रज्ञांच्या जगात मात्र ही थट्टा राहिलेली नाही. पक्षी हे डायनासोरांचे वंशज आहेत, हे आज जवळजवळ सर्वमान्य झालेले आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचा थेरोपॉड डायनासोर व पक्ष्यांचा उगम या विषयावरील ऑनलाइन अभ्यासक्रम मी सुट्टीत पुरा केला. थेरोपॉड म्हणजे दोन पायांवर चालणारे, बहुतांशी मांसाहारी डायनासोर. हे समजल्यावर मला सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "तुला परीक्षेला आहे का हे?" माझा हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे.

शाळेत आपण काय शिकलो? आर्किओप्टेरिक्स हा सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांना जोडणारा दुवा होय. एक वाक्य, दोन गुण. ते वाक्य पाठ केले, लिहिले आणि विसरलो. हे कोणी शोधले, कशावरून ठरवले, त्याला कोणी विरोध केला, हे ना आपण विचारले, ना कोणी सांगितले. खरी गोष्ट मात्र त्या वाक्यात नसून त्याच्या मागे झालेल्या शंभर वर्षांच्या भांडणात आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला आणि १८६१ मध्ये जर्मनीतील बव्हेरियाच्या चुनखडीच्या खाणींतून आर्किओप्टेरिक्स उजेडात आला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी. अंगावर पिसे, पण तोंडात दात, बोटांना नख्या आणि लांबलचक हाडांचे शेपूट! थॉमस हक्सले यांनी त्याच भागातल्या एका लहान डायनासोरशी पक्ष्यांचे साम्य दाखवले आणि १८६८ च्या सुमारास हे नाते ठासून मांडले. म्हणजे उत्तर तेव्हाच हाती आले होते म्हणायचे. मग अडले कुठे?

अडले एका हाडाशी. कोंबडीच्या छातीपाशी बेचकीसारखे दोन फाट्यांचे हाड असते. आपल्या गळ्याखाली खांद्यांकडे जाणारी जी दोन हाडे असतात, तीच पक्ष्यात जुळून ही बेचकी झालेली आहे. गेऱ्हार्ड हाइलमान या डॅनिश चित्रकार-अभ्यासकाने पक्ष्यांच्या उगमावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९२६ मध्ये इंग्रजीत आला. डायनासोर पक्ष्यांशी फार मिळतेजुळते आहेत हे त्याने कबूल केले. पण डायनासोरांत गळ्याची हाडे आढळत नाहीत, आणि उत्क्रांतीत एकदा गमावलेला अवयव पुन्हा मिळत नाही. तेव्हा पक्षी डायनासोरांपासून आलेले नसणार, त्यांचा पूर्वज आणखी जुना असला पाहिजे, असा त्याने निकाल दिला. तर्क बिनतोड होता. पुढे सुमारे चार दशके बहुतेकांनी तो प्रमाण मानला.

गंमत अशी, की ते हाड सापडलेलेच होते! मंगोलियात मिळालेल्या ओव्हिरॅप्टर या डायनासोराचे वर्णन १९२४ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले. त्यात ही बेचकी चित्रासह होती, पण ती भलतेच हाड म्हणून नोंदली गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्याकडे उगीच झालेली नाही. या बिचाऱ्या ओव्हिरॅप्टरचे नावही असेच चुकीचे पडले. नावाचा अर्थ अंडीचोर. कारण तो अंड्यांजवळ सापडला आणि ती अंडी दुसऱ्याची मानली गेली. १९९३ मध्ये तशाच एका अंड्यात त्याच्याच जातकुळीचा गर्भ सापडला. ज्याला सत्तर वर्षे चोर म्हटले, तो आपली घरचीच अंडी राखत होता. खुडूक कोंबडीसारखे घरट्यावर बसलेले त्याच्या कुळातले सांगाडेही पुढे मिळाले.

या कोंडीतून वाट काढली ती अमेरिकेच्या जॉन ऑस्ट्रम यांनी. १९६४ मध्ये मोंटाना राज्यात त्यांना डायनोनिकस हा चपळ शिकारी डायनासोर सापडला. त्याच्या मनगटातील अर्धचंद्राकृती हाडामुळे हात बाजूला दुमडता येत असे. कावळा पंख मिटतो ती हालचाल जवळजवळ हीच. १९७० मध्ये ऑस्ट्रम हॉलंडमधील हार्लेमच्या संग्रहालयात गेले. तिथे उडत्या सरीसृपाचा म्हणून १८५७ पासून नोंदलेला एक नमुना त्यांनी उजेडाकडे तिरपा धरून पाहिला, तर त्यावर पिसांचे पुसट ठसे! त्यांनी तो आर्किओप्टेरिक्स ठरवला. २०१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तोही निकाल बदलला आणि त्या निराळ्या प्राण्याला ऑस्ट्रम यांचेच नाव दिले. मग १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स आला. तो अस्सल डायनासोर, पण अंगभर पिसांची लव. २०१० मध्ये त्या लवेतील रंगकणांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी पट्टे होते असेही सांगता आले. वादाचा बहुतेक निकाल लागला.

आता कोणी म्हणेल, शास्त्रज्ञच जर पन्नास वर्षांनी मत फिरवतात, तर त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? माझे म्हणणे नेमके उलट आहे. त्यांनी मत फिरवले ते कोणाच्या दटावणीने नव्हे, दगडातल्या पुराव्याने. हाइलमानने आपला आक्षेप इतका स्पष्ट मांडला होता, की काय सापडले म्हणजे तो खोटा ठरेल हे कोणालाही कळावे. बेचकी दाखवा आणि मला खोडा! आपल्याकडे जातीबद्दल, भाषेबद्दल, इतिहासाबद्दल रोज छातीठोक विधाने होतात. त्यातले कोणते विधान असे उघड्यावर उभे राहते? काय दाखवले असता आपण आपले मत सोडू, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला या अभ्यासक्रमातून मिळाले ते हे. आणि ते प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकेच इतिहासाच्या, वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही हवे आहे.

म्हणूनच २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, याचे मला वाईट वाटते. ओझे कमी करण्याचे कारण दिले गेले, आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे असेही सांगितले गेले. पण दहावीनंतर जे कला-वाणिज्याकडे जातात त्यांचे काय? १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्या वेळी पत्रक काढून विरोध केला, तो याच कारणासाठी. ओझे विषयाचे नसते, पाठांतराचे असते.

ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे रामबाण उपाय, असे मात्र मी म्हणणार नाही. तिथेही शेवटी चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. प्रमाणपत्रे गोळा करणाराला तिथेही न शिकता पास होता येते. शंका आली तर पडद्यावरचे प्राध्यापक थांबत नाहीत. शिवाय सारे इंग्रजीत. पहिल्या पाठातली हाडांची नावे लिहून घेता घेताच माझी दमछाक झाली.

पण या दोन्ही उणिवा आपल्या कॉलेजात भरून काढता येण्याजोग्या आहेत. दर शनिवारी दहाजणांनी एकत्र बसून एक पाठ पाहावा आणि मग वाद घालावा. आपण उत्क्रांती म्हणतो, आपले कन्नड मित्र विकास म्हणतात. दोन्ही भाषांत एकेक पाठ समजावून सांगितला तर तो सांगणाऱ्यालाच अधिक कळेल, आणि या अंकाच्या दोन्ही विभागांना चांगले लेखही मिळतील. विषय आपल्यापासून दूर आहे असेही नाही. बडोद्याच्या वरच्या अंगाला बालासिनोरजवळ डायनासोरांची अंडी सापडली आहेत. आपल्या पायांखालचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे बाकीचे डायनासोर संपले त्या सुमाराच्या, लाव्हाचा आहे.

प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या विभागाच्या कपाटात पक्ष्याचा सांगाडा असेलच. तो एकदा आम्हां कला शाखेच्या मुलामुलींपुढे टेबलावर ठेवावा. उत्तर सांगू नये. त्यातली बेचकी आम्हांला शोधू द्यावी.