ती पोट साफ करणारी जाहिरात मीच आणली होती

पोस्ट मोठी आहे आणि विषय थोडा घाण वाटेल. चहा पिताना वाचत असाल तर आधी चहा संपवा. पण बोलायलाच हवं. पोटासाठी घराघरातून पैसा जातो आणि चारचौघांत त्यावर कुणी तोंड उघडत नाही. उघडलं तरी हसण्यावारी नेतात.

आधी माझं सांगतो. अकरा वर्षं झाली. सकाळी तीन-चार वेळा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. कळ येते, जाऊन आलं की थोडं बरं वाटतं, परत येते. मंत्र्यांचा दौरा कव्हर करायचा असला की आदल्या रात्री मी जेवत नाही. तालुक्यातल्या कुठल्या पेट्रोल पंपाचं संडास उघडं असतं, कुठल्या ग्रामपंचायतीच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली शिपायाच्या घरी असते, हे मला तोंडपाठ आहे. लोक म्हणतात, पत्रकाराला सगळी माहिती असते. असते, पण ती ही अशी.

डॉक्टर झाले. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं नॉर्मल. 'आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून पाचव्या मिनिटाला बाहेर. मग जे सगळे करतात तेच मी केलं. चूर्ण, काढा, गोड गोळ्या, नाडी बघणारे, शहरात जाऊन आतडं धुणारे. केस तपासून कुठलं अन्न बाधतं ते सांगणारेही बघितले. त्यांनी गहू, दूध, वांगं, बटाटा, तूर, शेंगदाणे सगळं बंद केलं. सहा किलो उतरलो. कळ होती तिथेच.

आता मुद्द्याची गोष्ट. ती सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पुरवणीसाठी आम्हा वार्ताहरांना नेहमीसारखं जाहिरातींचं टार्गेट होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तालुक्याचा वार्ताहर पगारावर जगत नाही, कमिशनवर जगतो. एका लॉजवर दर दुसऱ्या गुरुवारी शिबिर भरवणाऱ्या एका इसमाने माझ्याकडे अर्धं पान दिलं. 'जुनाट आयबीएस, कोलायटिस, आंव, गॅस मुळापासून बरे. १०० टक्के गॅरंटी.' मला साडेचार हजार सुटले. मुलीच्या क्लासची फी भरली.

आमचे एक अंक विक्रेते आहेत. नाव लिहीत नाही, काका म्हणतो. पहाटे पाचला सायकलवर दोनशे घरं. त्यांनाही पोटाचा त्रास होता. त्यांनी ती जाहिरात बघितली आणि त्या लॉजवर गेले. आठ महिने पुड्या खाल्ल्या. वजन उतरत गेलं, संध्याकाळी कणकण यायची, पँटला दोरी बांधायची वेळ आली. तो इसम म्हणायचा, 'विष बाहेर पडतंय, घाबरू नका.' शेवटी मुलाने ओढून शहरात नेलं. आतड्याचा टीबी निघाला. ज्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं तो टीबी!

मी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, काका, तुम्ही इतके हुशार, त्या माणसाकडे कसे गेलात? ते म्हणाले, 'आपल्याच पेपरात आलंय म्हटल्यावर खरंच असणार ना रे.'

त्या दिवसापासून हे लिहायचं होतं.

आयबीएस म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं, ते दुखणं शौचाशी जोडलेलं असतं, किती वेळा होते आणि कशी होते त्यात बदल झालेला असतो आणि त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असतात. डॉक्टर साधारण या कसोट्या लावतात. आतडं दिसायला ठीक असतं, त्याचं चालणं बिघडलेलं असतं. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांची देवाणघेवाण बिनसलेली असते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. याचा अर्थ 'मनाचे खेळ' नाही. दुखणं खरंच असतं.

पण काही गोष्टी दिसल्या तर त्याला आयबीएस म्हणून गप्प बसायचं नाही. शौचातून रक्त, आपोआप उतरणारं वजन, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. यातलं एकही असेल तर आधी तपासणी, पुडी नाही. काकांच्यात यातल्या दोन गोष्टी उघड दिसत होत्या. 'मुळापासून' बरं करणाऱ्याने एकही विचारली नाही.

आता या 'मुळा'बद्दलच बोलू, कारण सगळा धंदा याच एका शब्दावर चालतो.

आयबीएसला एक मूळ नाही. आहेत ती अनेक, आणि त्यातलं एक ऐका. कॅनडात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे, पाचेक हजार वस्तीचं, आपल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढं. मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर शेणखताचं पाणी गावच्या विहिरीत उतरलं. क्लोरीन नीट टाकलं जात नव्हतं. दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात मेले. पुढे चौकशीत निघालं की क्लोरीनच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. डॉक्टरांनी पुढची काही वर्षं त्या गावकऱ्यांचा पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी बघितलं तर ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते, त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त होतं. आठ वर्षांनीही काहींचा त्रास संपला नव्हता.

क्लोरीनच्या खोट्या नोंदी! काही आठवलं का? आपल्याकडे टीसीएल पावडरचं रजिस्टर कसं भरतात, ते ग्रामपंचायतीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. महिन्याच्या शेवटी, एकाच पेनाने. गटारातून गेलेली पाइपलाइन, तिला चार ठिकाणी गळती, पाणी बंद झालं की गटाराचं आत ओढलं जातं. पावसाळ्यात 'गॅस्ट्रोची साथ' म्हणून मी दरवर्षी बातमी देतो. 'इतके रुग्ण, प्रकृती स्थिर.' स्थिर झाले म्हणजे बातमी संपली. त्यातले किती जण पुढची पाच वर्षं पोट धरून फिरतात, हे मी कधी विचारलं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. वॉकर्टनच्या पाण्यातही तो होता. सगळ्यांचं लक्ष लकव्यावर होतं, ते बरोबरच. पण घाण पाण्याचं बिल कधी आतड्यांनाही भरावं लागतं, आणि ते हप्त्यांनी.

बाकीची मुळं? बाजारपेठेत दिवसभर उभ्या असलेल्या बाईला जायला जागा नाही, म्हणून ती दाबून धरते आणि पाणीच पीत नाही. एसटीच्या ड्रायव्हरची ड्युटी, त्याचं वडापाववरचं जेवण, अर्धी झोप. घरातलं कर्ज, पोरीचं लग्न. हे सगळं आतड्यांपर्यंत पोहोचतं. यातलं कुठलं मूळ लॉजवरची पुडी उपटणार आहे?

'म्हणजे तू आयुर्वेदाच्या विरोधात!' ही कमेंट येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. मी खोटं बोलणाऱ्याच्या विरोधात आहे, तो कुठल्याही पॅथीचा असो. आपल्या आजीचा इसबगोल घ्या. चाचण्यांत तो बऱ्याच जणांना उपयोगी पडलेला दिसतो, गव्हाचा कोंडा तितका नाही. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलनेही काहींना आराम पडतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने आहाराची एक पद्धत बसवली. तीत कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही आठवडे थांबवायचे आणि मग एकेक परत आणून कुठला आपल्याला बाधतो ते बघायचं. जन्मभर उपाशी राहायचं नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली करायचं, माझ्यासारखं केस तपासून नाही. उलट कित्येक चूर्णांत सोनामुखी असते. ती दोन दिवस पोट मोकळं करते, म्हणून 'गुण आला' वाटतं. रोज वर्षानुवर्षं घेण्याची ती गोष्ट नाही.

आणि डॉक्टर मंडळी, तुम्हीही सुटत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला खोटं अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुई टोचल्यासारखं नुसतं नाटक, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी बोलणं. तिसऱ्याला तेच नाटक, पण पहिल्या भेटीत पाऊण तास आपुलकीने ऐकून घेणं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम किती जणांना? पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२.

सुई खोटी होती. पाऊण तास खरा होता.

लॉजवरचा तो इसम नेमकं हेच विकत होता. त्याने काकांना पहिल्या दिवशी तासभर बसवून घेतलं, बायकोचं आजारपण विचारलं, खांद्यावर हात ठेवला. ग्रामीण रुग्णालयात सकाळी रांग गेटपर्यंत आणि डॉक्टर एक. खासगीत फी भरपूर आणि वेळ तेवढाच कमी. खऱ्या डॉक्टरने जी पाऊण तासाची जागा रिकामी सोडली, तिथे भोंदू येऊन बसला. त्याला तिथून उठवायचं असेल तर नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही, तिथे कुणीतरी बसावं लागेल.

शेवटी आम्ही पेपरवाले. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. औषधाबद्दल खोटा दावा करणाऱ्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत कुणीही भाग घ्यायचा नाही, असं त्याचं कलम ४ सांगतं. 'कुणीही' म्हणजे पुडीवाला एकटा नाही. जाहिरात आणणारा मीसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही पानाच्या तळाला बारीक अक्षरात 'दाव्यांची खातरजमा वाचकांनी करावी' असं छापतो आणि हात झटकतो. काकांनी कुठे जाऊन खातरजमा करायची होती?

'जाहिराती नाकारल्या तर पेपर चालणार कसा?' हा प्रश्न खरा आहे, माझ्या घरातलाच आहे. पण ज्याच्या सायकलवर पेपर घरोघरी जातो त्यालाच फसवून तो चालवायचा असेल, तर मग आपल्यात आणि लॉजवाल्यात फरक काय?

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय. गॅरंटीवाली औषधाची जाहिरात आणणार नाही, टार्गेट चुकलं तर चुकू दे. दर महिन्याला आपल्या गावचं टीसीएल रजिस्टर मागून बघणार आणि त्याची बातमी देणार. बसस्टँड आणि बाजारातलं बायकांचं संडास उघडं आहे की कुलूपबंद, त्याचा फोटो तारखेसह टाकणार. तुम्हीही टाका, मला टॅग करा.

काका आता बरे आहेत. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, वजन भरतंय. ते साडेचार हजार एका पाकिटात घालून मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी पाकीट परत केलं. म्हणाले, 'औषध तर फुकटच होतं रे. तू ते पेपरात छाप.'

पेपरात अजून छापून आलेलं नाही. म्हणून इथे लिहिलं. ज्यांच्या घरी कुणी पोट धरून गप्प बसलंय, त्यांच्यापर्यंत पोहोचवा.