रोजा, रोजी आणि घड्याळ

गेल्या बुधवारी, १९ मार्चला, पहाटे साडेतीनच्या सुमारास सुनीता विल्यम्स आणि त्यांचे तीन सहकारी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. एरवी त्या वेळी आपलं गाव गाढ झोपेत असतं. पण रमजानमुळे आमच्या मोहल्ल्यात अठराव्या रोजाच्या सहरीची तयारी सुरू झाली होती. एकीकडे तव्यावर भाकरी आणि दुसरीकडे टीव्हीवर पॅराशूट, असा अनेक घरांत मामला होता. फजरच्या नमाजनंतर मशिदीबाहेरही तोच विषय.

शारजात २७ वर्षं सेंट्रिंगचं काम केलेले आमच्या शेजारचे चाचा या बातमीतल्या दोन गोष्टींवर मनापासून हसले. पहिली म्हणजे, आठ दिवसांसाठी गेलेली माणसं यानात बिघाड झाला म्हणून २८६ दिवसांनी परत आली. "आम्हीही दोन वर्षांत स्लॅब टाकण्यापुरते पैसे झाले की परत येतो, असंच सांगून गेलो होतो," चाचा म्हणाले. दुसरी गोष्ट ओव्हरटाइमची. या अंतराळवीरांना जास्तीच्या मुक्कामाचा ओव्हरटाइम नाही. नेहमीचा पगार, आणि किरकोळ खर्चापोटी दिवसाला ५ डॉलर. म्हणजे २८६ दिवसांचे १४३० डॉलर. चाचांनी लगेच त्याचे दिरहम करून पाहिले.

मी कॉलेजात शिकवतो. एक पाय उर्दूत आणि एक मराठीत असल्यामुळे शब्दांच्या नातेवाइकांकडे माझं लक्ष जातं. 'रोजा' हा शब्द फारसी 'रोज' म्हणजे दिवस, यातून आला. रोजी, रोजगार, रोजंदारी ही त्याचीच भावंडं. एकाच दिवसाच्या पोटातून उपासही निघाला आणि मजुरीही. मोहल्ल्याच्या बोलण्यात मात्र रमजानमध्ये पहिल्याचंच कौतुक चालतं, दुसऱ्याचा हिशेब कोणी विचारत नाही. आज मला त्या दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे. पण वाट जरा वरून जाते.

अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर, ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगाने फिरतं. दीड तासात पृथ्वीची एक फेरी. तिथल्या माणसाला चोवीस तासांत सोळा वेळा सूर्योदय आणि सोळा वेळा सूर्यास्त दिसतो. खिडकीतून पाहून रोजा धरला तर तो पाऊण तासात सुटेल. मग तिथे रोजा कसा धरायचा? हा प्रश्न मौजेचा वाटेल, पण मलेशियाने तो गांभीर्याने घेतला होता. शेख मुझफ्फर शुकूर हे त्यांचे अस्थिरोगतज्ज्ञ १० ऑक्टोबर २००७ रोजी कझाकस्तानातल्या बैकानूरहून स्थानकाकडे निघाले, तेव्हा रमजानचे अखेरचे दिवस होते आणि ईद त्यांना वरच करायची होती. त्याच्या आदल्या वर्षीच मलेशियात शास्त्रज्ञ आणि उलेमा एकत्र बसले. नमाजची दिशा शक्य असेल तर काबा, नाही तर पृथ्वी, तेही जमलं नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे. आणि वेळ? जिथून उड्डाण केलं त्या ठिकाणची. रोजा वर धरायचा की पृथ्वीवर परत आल्यावर भरून काढायचा, हे अंतराळवीराच्या मर्जीवर.

निघालो तिथलं घड्याळ! कोकणी माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आखातातल्या आमच्या प्रत्येक पोराच्या फोनवर दोन घड्याळं असतात, एक ठेकेदाराचं आणि एक घरचं. दुबई आपल्याहून दीड तास मागे. इथे इफ्तार होऊन भांडी घासून होतात, तेव्हा तिथे अजान होते. चंद्र मात्र तिथे बहुधा एक दिवस आधी दिसतो. यंदाही त्यांचा रमजान १ मार्चला सुरू झाला, आपला २ ला. नवऱ्याची ईद आज आणि बायकोची उद्या, हे आमच्याकडे इतकं नित्याचं आहे की त्याचं कोणाला नवल राहिलेलं नाही.

दुबईचीच आणखी एक गोष्ट. ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा उभी राहिली आणि एक नवी अडचण आली. खाली रस्त्यावर सूर्य मावळला तरी वरच्या मजल्यांवरून तो दिसतच राहतो. २०११ मध्ये तिथल्या धर्मविभागाने सांगितलं की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तारसाठी दोन मिनिटं थांबावं, १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन. मला हे आवडतं. यात थट्टा करण्यासारखं काही नाही. माणूस जिथे आहे तिथला सूर्य पाहून नियम बसवायचा, ही समज त्यात आहे. फक्त एक विचार मनात येतो. ती इमारत बांधली जात असताना त्याच मजल्यांवर जी माणसं लोखंड बांधत होती, त्यांच्या इफ्तारची वेळ कोण पाहत होतं?

इथे थोडा धर्मशास्त्राचा मुद्दा सांगावा लागेल, कारण आमच्या हिंदू मित्रांना तो ठाऊक नसतो आणि आमच्या लोकांना सोयीने आठवतो. प्रवासात आणि आजारपणात रोजा न धरण्याची मुभा खुद्द कुराणात आहे. सुटलेले दिवस नंतर भरून काढायचे, त्याला 'कजा' म्हणतात. मुसाफिर चार रकअतींची नमाज दोनच पढतो. संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नियादी २०२३ मध्ये सहा महिने अंतराळात राहिले, रमजान त्याच मुक्कामात आला. आपण मुसाफिर आहोत, रोजा आपल्यावर बंधनकारक नाही, आणि मोहिमेला किंवा सहकाऱ्यांना धोका होईल असं काही करणार नाही, असं त्यांनी जाण्याआधीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं. कोणी भुवया उंचावल्या नाहीत. सहा महिने एका जागी बसून ताशी २८ हजार किलोमीटर चालणारा तो माणूस मुसाफिर ठरला.

पण दोन वर्षांच्या करारावर शारजात गेलेला सुतार मुसाफिर नाही. फिकहनुसार एका ठिकाणी ठराविक दिवसांहून जास्त राहायचा इरादा केला की माणूस मुकीम होतो, म्हणजे तिथला रहिवासी. हनफींमध्ये ती मर्यादा १५ दिवसांची, आमच्या कोकणातल्या शाफईंमध्ये ४ दिवसांची. तेव्हा ज्याला आपण सगळे आयुष्यभर 'परदेशात असतो' म्हणतो, तो धर्माच्या हिशेबात पाचव्या दिवशी तिथलाच झाला. आणि त्या देशाच्या कागदात? तिथे तो व्हिसा संपेपर्यंत पाहुणा. नियमाविषयी माझी तक्रार नाही. त्याला कारणं आहेत आणि मी काही मुफ्ती नाही. मला दिसतो तो त्या दोन कागदांच्या मधला माणूस.

त्या दिवशी हसून झाल्यावर चाचांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या परवानगीने लिहितो. ऐंशीच्या दशकात, त्यांच्या पहिल्या काही वर्षांत, तिथला रमजान भर उन्हाळ्यात आला होता. भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी घालणारा नियम पुढे आला. आता तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन काम बंद असतं, आणि रमजानमध्ये सर्वच धर्मांच्या कामगारांचे दोन तास कमी होतात. चाचांच्या वेळी यातलं काही नव्हतं. एका दुपारी फळ्यांवर उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली उतरून त्यांनी पाणी प्यायलं. रोजा तुटला. तो पुढे हिवाळ्यात भरूनही काढला. जीव जाण्याची पाळी आली तर पाणी प्यावं आणि रोजा नंतर भरावा, यावर कोणत्याही मौलवीचं दुमत नाही. तरीही घरच्या पत्रात दर आठवड्याला त्यांनी लिहिलं, सगळे रोजे चालू आहेत. चाळीस वर्षं ही गोष्ट त्यांनी चाचीलासुद्धा सांगितली नव्हती.

लाज कशाची होती? अल्लाहची नव्हे. आमची होती. उन्हात घाम गाळत रोजा धरणाऱ्या हमालाचं कौतुक करायची आम्हाला भारी हौस. त्याचे फोटो फिरतात, जुम्माच्या बयानात त्याचा दाखला दिला जातो. त्याच्या ईमानाला माझाही सलाम आहे. पण त्याला भर उन्हात पोती वाहायला लावणारा जो मालक आहे, तो बहुतेकदा त्याच सफमध्ये पुढे उभा असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही की बाबा, महिनाभर तुझा ट्रक सकाळी सहाला रिकामा करून घेता येणार नाही का? हमालाच्या सहनशक्तीचं गुणगान फुकट असतं. ट्रकची वेळ बदलायला खर्च येतो.

या शहरात अशा जागा किती आहेत ते मोजायला मला फार लांब जावं लागत नाही. औद्योगिक वसाहतीतली शिफ्ट, एसटीचा वाहक, रुग्णालयातली सिस्टर, आणि नवीन भर म्हणजे खाण्याचे डबे पोचवणारी मुलं. माझा एक विद्यार्थी कॉलेज सुटल्यावर हेच काम करतो. मगरिबच्या आधीचा अर्धा तास हा त्याच्या ऑर्डरींचा सगळ्यात गर्दीचा वेळ. इफ्तारची बिर्याणी वेळेत पोचावी म्हणून तो धावतो, आणि स्वतःचा रोजा एखाद्या जिन्यात खजूर तोंडात टाकून सोडतो. ज्यांच्या दारात तो उभा असतो त्यांनाही घाई असते. दार उघडतं, पिशवी आत जाते, दार बंद होतं. एकदाच एका घरातल्या आजींनी त्याला थांबवून सरबत दिलं. त्या आजी चित्पावन, वाड्यातल्या. त्यांना अजान ऐकू आली होती आणि त्याच्या कोरड्या ओठांकडे लक्ष गेलं होतं, इतकंच.

आपल्या कोकणाला हे नवीन शिकवायची गरज नाही. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा मुंबईपासून खाडीपट्ट्यापर्यंत किती मुसलमान सहकारी त्यांच्या पाळ्या सांभाळतात! आमच्या कॉलेजात रमजानमध्ये माझा शेवटचा तास एक देशपांडे-कुलकर्णींच्या वळणाचे सहकारी घेतात आणि गौरी विसर्जनाच्या दिवशी मी त्यांचा. यासाठी कधी परिपत्रक निघालं नाही. एका माणसाला आठवण राहिली आणि दुसऱ्याने हो म्हटलं, एवढ्यावर ते चालतं. ते कारखान्यात चालू शकत नाही असं मला वाटत नाही. अर्ध्या तासाची अदलाबदल कोणत्याही सुपरवायझरच्या हातातली गोष्ट आहे. अंतराळवीरासाठी दोन शास्त्रांचे जाणकार एकत्र बसू शकतात, तर एका शिफ्टसाठी दोन पाळीप्रमुख बसू शकतील.

आणि आमच्या लोकांना जे सांगायचं आहे ते याहून जवळचं आहे. आज चोविसावा रोजा. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. शिंप्यांच्या दुकानांतले दिवे सहरीपर्यंत जळतात. मशीनवर बसलेली मुलं कोण आहेत, कधी पाहिलंत? बहुतेक उत्तर प्रदेश, बिहारची. आपली पोरं दुबईत जशी आठ-दहाजण एका खोलीत राहतात, तशीच ही दुकानाच्या माळ्यावर. त्यांच्याही फोनवर घरचं एक घड्याळ आहे. शारजातला ठेकेदार चाचांशी जसा वागला त्याच्या कहाण्या आपण चवीने ऐकतो, आणि त्याच संध्याकाळी शिंप्याला दम देतो की शेरवानी सत्ताविसाव्या रात्रीच्या आत पाहिजे. तो दम दुकानदाराकडून खाली सरकत त्या मशीनवर पोचतो. तरावीहची नमाज चालू असते तेव्हा ती मुलं काज-बटण करत असतात, आणि नमाजला का येत नाहीत म्हणून त्यांनाच कोणीतरी ऐकवून जातं.

कपडे शाबानमध्ये शिवायला टाकता येतात. ईद कधी आहे हे चंद्र शेवटच्या रात्री सांगतो, पण ती येणार आहे हे वर्षभर माहीत असतं. दुकानदाराला दोन पैसे आधी दिले तर तोही कारागिरांचा हिशेब चांदरातीपर्यंत लांबवणार नाही. ही मुलं हिशेबासाठीच अडकतात. इथून मुंबईला जायचं, तिथून गोरखपूरची गाडी पकडायची, आणि स्टेशनपासून पुढे गाव. दोन दिवस मोडतात. हिशेब चांदरातीला मिळाला तर त्यांची ईद गाडीतच होते, बिनआरक्षणाच्या डब्यात, दाराजवळ उभ्याने. यंदा ईद सोमवारी किंवा मंगळवारी येईल. शुक्रवारी जुम्मा झाल्यावर ज्याच्या हातात त्याचे पैसे पडतील, तो रविवारपर्यंत घरी पोचेल.