परक्या हाताचा अखत्यार

मूल शाळेच्या स्वाधीन करताना बाप आपला दंडाधिकारही शिक्षकाच्या हाती देतो, ही समजूत आपल्याकडे पंतोजींच्या काळापासून रूढ असली, तरी तिला कायद्याची सनद मिळाली ती इंग्रजी न्यायपरंपरेतून. 1860 साली ईस्टबोर्न येथील टॉमस हॉप्ली नामक शिक्षकाने एका विद्यार्थ्यास प्राण जाईपर्यंत झोडपले. कठोर शिक्षेसाठी त्याने मुलाच्या बापाकडून पत्राने रुकार मिळवला होता. आणि त्याला चार वर्षांची सक्तमजुरी देणाऱ्या न्यायासनानेही, बापाने नेमलेल्या शिक्षकाचा माफक व वाजवी शिक्षेचा हक्क अबाधितच मानला.

त्याच वर्षी संमत झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या 89व्या कलमाने, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने, अथवा त्याच्या उघड वा गर्भित संमतीने दुसऱ्याने, सद्भावनेने केलेल्या कृत्यास संरक्षण दिले. 1949च्या विधिवृत्तांत छापलेल्या एका निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने मुख्याध्यापकाच्या माफक छडीस अभय दिले. आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते जुने कलम 27वे होऊन नांदतेच आहे.

मध्यंतरी विचार पालटला, हे खरे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2000 साली तेथील शाळांमध्ये शारीरिक शिक्षेची मुभा देणारा नियम रद्द केला, आणि 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. परंतु हा कायदा 6 ते 14 वयापुरता; त्याच्या भंगाबद्दल सांगितलेली कारवाई सेवानियमांपुरती; वैदिक पाठशाळा, मदरसे आणि, 2014च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालानंतर, अल्पसंख्याकांच्या शाळा त्याच्या कक्षेबाहेर; आणि संध्याकाळचा खासगी क्लास किंवा क्रीडाशिक्षकाचे मैदान तर त्याच्या गावीही नाही. 2015च्या बालन्याय कायद्याने बालसंगोपन संस्थांतील मारहाण हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आणि पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली. परंतु इतरत्र लागू पडणारे त्याचे 75वे कलम मुलास अनावश्यक यातना होण्याचा संभव होता काय, याच प्रश्नापाशी येऊन थांबते, म्हणजे आवश्यक यातना किती, हा वाद नव्याने सुरू होतो. निरीक्षणगृहातील मुलास जी निःसंदिग्ध हमी मिळते, ती नववीतल्या विद्यार्थ्यास मिळू नये, ही विसंगती कोणत्या न्यायबुद्धीस पटेल?

या सर्व गोंधळाचे मूळ एकच आहे: मुलाच्या शरीरावरील अधिकार पालकाच्या मुखत्यारपत्राने हस्तांतरित होतो, ही कल्पना. घरातल्या मारहाणीचे समर्थन मी करीत नाही. पण आईबापांच्या हातास निदान मायेचा आणि जन्मभराच्या उत्तरदायित्वाचा आवर असण्याचा संभव असतो. परक्या हातास तो नसतो, आणि वर्गाचे दार लागल्यावर पुढे काय घडेल हे आगाऊ संमती देणाऱ्या बापास ठाऊकही नसते.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिस्त कशी राखावी, हा शिक्षकांचा प्रश्न खोटा नाही; मात्र त्याचे उत्तर वर्ग लहान करणे, समुपदेशक नेमणे, पालकांस वेळीच बोलावणे, हे आहे. मुलांची मारामारी सोडवण्यासाठी, किंवा रस्त्यावर धावत्या मुलास आवरण्यासाठी, बळ वापरण्यास कोणीही हरकत घेणार नाही. आणि एका चापटीसाठी कोणास तुरुंगात धाडावे, अशीही मागणी नाही. मागणी इतकीच की, अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलास शिक्षा म्हणून मारण्याचा अखत्यार आईबापांखेरीज अन्य कोणासही नाही, आणि पालकाची संमती हा बचाव चालणार नाही, असे एकच सुबोध कलम, बालन्याय कायद्यातील चढत्या दंडाच्या तजविजीसह, शाळा, क्लास, वसतिगृह व मैदान या सर्वांस लागू व्हावे. कारण जे आपल्या मालकीचेच नाही, त्याचे मुखत्यारपत्र बापास लिहून देता येत नाही.