बर्फाच्या गावातली आडवी दांडी

आल्प्समधल्या बऱ्याच स्कीच्या गावांत वाहनतळाच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटरवर एक लोखंडी दांडी आडवी लावलेली असते. मोटारी खालून सुखाने जातात, मोटरहोम जात नाही. दांडीवर काही लिहिलेलं नसतं, पण अर्थ स्वच्छ आहे. दारात आलेल्याला आपल्याकडे म्हणतात ना, "पुढे जा", तोच!

लेक-जावई जर्मनीत असतात. त्यांच्या मोटरहोममधून दोन हिवाळे ऑस्ट्रिया, इटली आणि फ्रान्सच्या डोंगरांत मी हिंडले. (स्की मी करत नाही. सत्तरी उलटल्यावर हाडं मोडून घ्यायची हौस नाही. मुलं डोंगरावर गेली की मी गाडीत खिचडी टाकते.) तेव्हा पक्षपात आहे हे आधीच मान्य.

गावकऱ्यांची पहिली तक्रार अशी, की ही माणसं फुकटी. फुकटी कशी? मोठ्या स्विस ठिकाणी लिफ्टचा एका दिवसाचा पास शंभर फ्रँकच्या घरात जातो, आणि पोळी-भाजी गाडीत केली म्हणून लिफ्टवाला कुणाला सवलत देत नाही. शाळांच्या फेब्रुवारीतल्या सुट्टीत हॉटेलांचे दर असे चढतात, की दोन मुलं असलेल्या साध्या नोकरदाराने डोंगर चित्रातच बघावा. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांत एक परिचारिका होती, एक बसचालक होता. आमच्याच नात्यातली काही मंडळी म्हणतात, "हॉटेल परवडत नसेल तर जाऊच नये." शिक्षकाच्या पगारावर चार धाम केलेल्या घरात हे वाक्य ऐकावं लागतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. आपले आजी-आजोबा स्टोव्ह आणि पिठाचा डबा घेऊन धर्मशाळेत उतरत, त्यांना कुणी फुकटे म्हटलं नाही.

बरं, ही चैन तरी आहे का? कडाक्याच्या थंडीत हीटर अकरा किलोचं सिलिंडर दोन-तीन दिवसांत संपवतो. तेही प्रोपेनचंच लागतं, कारण शून्याच्या खाली ब्युटेनचा वायूच होत नाही. पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून जमिनीला दुहेरी तळ. रात्री एकाने उठून सिलिंडर बदलायचं, ही जावयाची पाळी.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक तऱ्हा. टिरोलचा कायदा कॅम्पिंगच्या जागेबाहेर असा मुक्काम करू देत नाही. जर्मनीत थकलेल्या चालकाला रस्त्यालगत एक रात्र झोप काढता येते. मला सगळ्यात आवडला तो इटलीच्या वाहतूक कायद्याचा १८५ वा अनुच्छेद. गाडी फक्त चाकांवर उभी असेल, इंजिनाच्या धुराखेरीज स्वतःचं काही बाहेर सोडत नसेल आणि स्वतःच्या आकारापेक्षा जास्त जागा अडवत नसेल, तर ते कॅम्पिंग नव्हे, पार्किंग! वर्गात व्याख्या अशी सांगावी. बाहेर एक खुर्ची टाकलीत की गुन्हेगार, आत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी सज्जन.

दुसरी तक्रार निसर्गाची. इथे मात्र मला हसू येतं. एक हेक्टर उतारावर फूटभर कृत्रिम बर्फ अंथरायला दहा लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यासाठी डोंगरावर तळी खणतात, तोफा लावतात. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या पिरेनीजमधल्या लुशों-सुपरबान्येरला तर हेलिकॉप्टरने सुमारे पन्नास टन बर्फ आणून उतारावर टाकला. २०२३ साली युरोपातल्या २२३४ स्की-ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तापमान दोन अंशांनी वाढलं आणि तोफा नसल्या, तर त्यातल्या त्रेपन्न टक्के ठिकाणी बर्फाची फार मोठी टंचाई येईल, असा त्याचा निष्कर्ष. आमची गाडीही शंभर किलोमीटरला दहा-बारा लिटर डिझेल पिते, ती काही गोमाता नव्हे. पण हेलिकॉप्टरमधून बर्फ आणणाऱ्यांच्या धंद्याने आम्हाला पर्यावरण शिकवू नये.

तिसरी तक्रार खरी आहे. घाण! काही मोटरहोमवाले भांड्यांचं पाणी वाहनतळावरच सोडतात, त्याचा काचेसारखा बर्फ होतो आणि सकाळी कुणीतरी त्यावर आपटतं. संडासाची पेटी झाडीत रिकामी करणारे महाभागही आहेत. त्यांना असा दंड करा, की पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाहीत. पण मग पेटी रिकामी करायला जागा द्या ना! फ्रान्समधल्या कितीतरी स्कीच्या गावांनी दिली आहे. रात्रीचे ठरलेले युरो घेतात आणि वीज, पाणी, मोरी देतात. भांडण नाही, तंटा नाही.

तिथेही एक गंमत पाहिली. काही ठिकाणी नोव्हेंबर लागला, की पाणी गोठेल म्हणून नळ आणि मोरी दोन्ही बंद करतात, आणि जानेवारीत लोक पाणी कुठेही ओततात म्हणून बोंब मारतात. नळाला तापणारी तार गुंडाळली तर तो गोठत नाही. तोफांना पाणी नेणारे नळ त्याच गावात, त्याच थंडीत, रात्रभर चालू असतातच की.