उद्याची फुकट वीज आणि आजचं बिल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचे टॉवेलचे माग आहेत. रात्री अकरानंतर त्याचे फॉरवर्ड सुरू होतात. मागे एकदा असाच एक व्हिडिओ आला. जांभळ्या प्रकाशाचं फिरतं कडं, जोरदार संगीत आणि खाली ओळ : ‘ग्लासभर समुद्राच्या पाण्यातून आयुष्यभराची वीज!’ त्याखाली मित्रानं लिहिलं होतं, ‘मालक, हे आपल्याकडं कधी येतंय? सांगा, तोवर बिल थकवतो.’

बिल थकवायची गंमत होती. ‘कधी येतंय’ हा प्रश्न मात्र खरा होता. टॉवेलच्या डझनामागे किती पैसे सुटतात हे ज्याला रोज मोजावं लागतं, त्याच्यासाठी युनिटचा दर ही घरखर्चाची गोष्ट असते. त्या रात्री मी त्याला एक हसरा इमोजी पाठवून मोकळा झालो. खरं उत्तर आता देतो. फ्यूजनवर संशोधन व्हायलाच हवं, हायड्रोजनचाही उपयोग आहे. पण ‘स्वस्त वीज’ या नावाखाली ही दोन्ही तंत्रं आपल्या गळ्यात मारली जातायत, आणि त्या नादात जी स्वस्त वीज आज हाताशी आहे तिच्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. माझा राग त्यावर आहे.

हे आश्वासन आजचं नाही. १९५४ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस सांगून गेले की, पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावायचीही गरज उरणार नाही. पुढच्याच वर्षी अणूच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद जिनिव्हात भरली. तिचे अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. फ्यूजनची ऊर्जा काबूत ठेवून वापरायची रीत दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथं केलं. म्हणजे साधारण १९७५. त्या परिषदेच्या वर्षी जन्मलेलं मूल आज सत्तरीत आहे आणि दारातला मीटर फिरतोच आहे. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला, यात त्यांची हुशारी कमी पडली नाही. काम किती अवघड आहे, एवढंच त्यातून कळतं.

काम काय आहे? तारापूरला १९६९पासून जड अणू फोडून वीज करतात. फ्यूजनमध्ये उलट, हलके अणू जोडायचे. त्यासाठी दहा कोटी अंशांच्या वरचं तापमान लागतं. ते सहन करणारं भांडं जगात नाही, म्हणून तो तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा, नाहीतर लेझरनं क्षणात चिरडायचा. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ नावाचं यंत्र १९८९पासून यावर काम करतंय. हे काम थोर आहे. त्यावर माझं भांडण नाही.

भांडण मथळ्यांशी आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरनं २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. ‘घातली त्यापेक्षा जास्त मिळाली’ म्हणून जगभर जल्लोष झाला. पण ते लेझर चालवायला वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. आपल्या मीटरच्या भाषेत बोलू. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे ८३ युनिट घातले आणि एक युनिटसुद्धा पुरतं आलं नाही. जे आलं तीही उष्णता, वीज नव्हे. विज्ञानाचा टप्पा म्हणून ही मोठी गोष्ट. माझ्या मित्राच्या बिलाशी तिचा संबंध शून्य.

फ्रान्समध्ये ‘इटर’ ही महाकाय भट्टी उभी राहतेय. भारत तिचा भागीदार आहे. तिचं प्रचंड पोलादी आवरण, क्रायोस्टॅट, आपल्या एल अँड टीनं हजीरात घडवलं. २०२४मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार तिथं खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९मध्ये सुरू व्हायचेत. आणि हे नीट वाचा : इटर वीज बनवणारच नाही. तो प्रयोग आहे.

बरं, समजा सगळं जमलं. उद्या सोलापूरला फ्यूजनचं केंद्र आलं. कुठं येईल? समजा, फताटेवाडीला, एनटीपीसीच्या शेजारी. तिथं आज ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळसा रेल्वेनं येतो, पाणी उजनीतून येतं, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. आज ज्या फ्यूजन केंद्रांचे आराखडे सर्वात पुढे आहेत त्यांतही शेवटी हेच आहे : उष्णता, वाफ, टर्बाइन. म्हणजे बदलणार फक्त बॉयलर. टर्बाइन तेच, ट्रान्सफॉर्मर तेच, मनोरे तेच आणि वाफ थंड करायला पाणीही तसंच. कोळशाचा खर्च आणि धूर जाईल, हे खरंच मोठं. पण त्या बॉयलरच्या जागी माणसानं बांधलेलं सर्वात गुंतागुंतीचं यंत्र येईल. त्यासाठी कर्ज काढावं लागेल, आणि कर्जाचं व्याज युनिटच्या दरातच मिसळतं. शिवाय ते ‘समुद्राच्या पाण्यातलं इंधन’ अर्धंच खरं आहे. ड्युटेरियम पाण्यातून मिळतो. त्याच्या जोडीला लागणारा ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नसतोच, आणि साडेबारा वर्षं व्हायच्या आत त्यातला निम्मा विरून जातो. तो भट्टीतच लिथियमपासून तयार करत राहावा लागेल.

इंधन फुकट म्हणजे वीज फुकट, हा हिशोब कुठं फसतो ते बघायचं असेल तर आत्ता मोबाइलवर घरचं वीजबिल उघडा. स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार. वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. यातलं इंधन किती, आणि तारा, खांब, उपकेंद्रं, गळती, कर्ज नि कर किती? ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एक झाली. देशाची वीज आपल्या डोक्यावरून जाते, याचा अभिमान असू द्या. पण त्या तारेचाही खर्च असतो आणि तो सूर्य, कोळसा, फ्यूजन असा भेद करत नाही.

आता हायड्रोजन. इथं तर पहिल्याच पायरीवर फसवणूक आहे. हायड्रोजन खाणीतून काढावा तसा ऊर्जेचा साठा म्हणून वापरायचा नाहीये. तो विजेवर बनवायचाय. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच इंधनघटातून परत विजेत आणला तर हाती १७ युनिटच्या आसपास येतात. साधं गणित करू. तीन रुपये युनिटची सौर वीज घेतली तरी ५५ युनिटचे झाले १६५ रुपये. त्यातून आले १७ युनिट. म्हणजे यंत्रांचा एक रुपयाही न धरता युनिट पडलं जवळपास दहा रुपयांना! आणि पाणी? रसायनशास्त्रानुसार किलोला नऊ लिटर, शुद्धीकरण आणि थंडावा धरला तर वीसच्या पुढं. ऊस जेवढं पितो त्यापुढं हे काहीच नाही, मान्य. पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

म्हणून हायड्रोजन टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. अलिबागजवळ थळला आरसीएफ खतासाठी अमोनिया बनवते. त्याला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो. खत, तेलशुद्धीकरण या ठिकाणी तो आज तरी टाळता येत नाही, तिथं हरित हायड्रोजन जरूर यावा. केंद्रानं जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं, २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. वरच्याच हिशोबानं त्याला किमान २५० अब्ज युनिट वीज लागेल. म्हणजे हायड्रोजन हा विजेचा पुरवठादार नसून फार मोठा गिऱ्हाईक आहे. त्याला स्वस्त वीज म्हणून दाखवणं म्हणजे दुधाच्या पिशवीला गाय म्हणण्यासारखं आहे.

यावर कुणी म्हणेल, सौर पॅनेलही एकेकाळी महाग होतं, त्यालाही लोक हसले होते. बरोबर. मुद्दा वजनदार आहे. पण पॅनेल स्वस्त का झालं? कारण ते कारखान्यात लाखोंनी बनतं, प्रत्येक खेपेला चूक सुधारते, आणि एक बिघडलं तर बाकीचे चालू राहतात. फ्यूजनचं यंत्र एकेकटं, दशकभर बांधलं जाणारं. ते स्वस्त होईलही. पण ‘होईल’वर आज कुणी धोरण ठरवत असेल तर त्याला थांबवायला हवं.

कारण आज काय आहे ते बघा. शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्प उभारण्याच्या राज्याच्या योजनेत युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर आले. ही वीज दिवसा मिळते. रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात पाणी फिरवायला जाणाऱ्या शेतकऱ्याला, साप-विंचवाच्या भीतीतून सोडवणारी ती वीज आहे. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, त्यांच्या बगॅसवर वीज होते. जून २०२३मध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा सगळ्यांनी मोबाइलवर ती कोसळताना पाहिली. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. पण ती सहवीज प्रकल्पाची चिमणी होती, तिच्याखाली उसाच्या भुश्श्यातून वीज होत होती, हे कितीजणांना आठवतंय?

सौर विजेच्या अडचणीही लपवू नयेत. सूर्य मावळतो आणि माग रात्रपाळीतही चालतात. बॅटरीला पैसा लागतो. शेड भाड्याची असेल तर छतावर पॅनेल कुणी लावायचं, कर्ज कुणाच्या नावावर काढायचं, हे कुणी ठरवत नाही. पण या सगळ्या अडचणी आजच्या आहेत आणि माणसांना सोडवता येण्याजोग्या आहेत. त्यांना दहा कोटी अंश तापमान लागत नाही. भाड्याच्या शेडसाठी कर्जाची सोय, दहा-बारा मागवाल्यांना मिळून एक सौर प्रकल्प, दिवसाच्या विजेला खरोखर कमी दर : मागण्या या आहेत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारायचं ते हे.

पुढचा व्हिडिओ आला की तीनच प्रश्न विचारा. भिंतीवरच्या बोर्डातून किती वीज घेतली आणि वायरमध्ये किती परत आली? युनिटचा दर किती आणि कुठल्या वर्षीच्या बिलावर? पाणी आणि कर्ज कुणाचं? तिन्हींची उत्तरं आली तर खुशाल पुढं पाठवा.

मित्राला मी शेवटी २०३९चं सांगितलं. फोनवर थोडा वेळ मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “पोरगं तोवर पुण्यात सेटल झालेलं असतंय की. माग कोण चालवणार, ते सांगा आधी.”