काबूलची इमारत आणि मजुराचा जीव

नकाशावर काबूल दाखवतांना एका गवंड्याच्या पोरानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, तिकडं पगार किती देत्यात?"

वाचकहो, अफगाणांची लोकशाही रुजावी म्हणून भारत सरकारनें काबुलांत त्यांच्या लोकसभेसाठीं इमारत बांधली. 2015 सालीं पंतप्रधानांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. 2021 च्या ऑगस्टांत तालिबाननें काबूल घेतलें. इमारत राहिली, सभा मोडली! झरंज ते देलाराम हा सुमारें 218 किलोमीटरचा रस्ताही आपणच केला. 2005 सालीं त्या कामावरील आपल्या एका ड्रायव्हरास पळवून नेऊन ठार मारलें. नकाशे काढणारे दिल्लींत सुखरूप. मेला तो गाडी हांकणारा.

शेजाऱ्याच्या मदतीस जाऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पण आम्ही हिंगोलीकरांनीं 1948 पर्यंत निजामशाही भोगली आहे. फौज बाहेरून आली हें खरें. तरी त्याआधीं इकडचीच माणसें तुरुंगांत गेलीं होतीं, म्हणून 1952 चें मतदान आम्हांस आपलें वाटलें. तें बांधून कोण देणार?

तरीही माणसें पाठवायचीच असतील, तर जोखीम काय आणि मागें घरच्यांस काय मिळणार, हें सरकारनें आधीं मराठींत लेखी द्यावें. तोंवर, बाबांनो, नुसता पगाराचा आंकडा पाहून पोराला अंगठा उठवूं देऊं नका.